१५ वर्षांची मांजर मूत्रपिंडाच्या पथ्याचे खाद्य खात नाही, काय करावे?

वेंगुर्ल्याची_वहिनी

नमस्कार. आमच्या ठकीचे वय १५ वर्षे आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस ती वारंवार पाणी पिऊ लागली, तिचा वाळूचा ट्रे पूर्वीपेक्षा लवकर भिजू लागला आणि कुरवाळताना पाठीचे मणके हाताला लागू लागले, म्हणून आम्ही तिला कुडाळला दाखवले. रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडांनी गाळून टाकायचे टाकाऊ द्रव्य) ३.४ आणि फॉस्फरस ६.३ आले. मूत्रपिंडाचा जुनाट आजार असून तो तिसऱ्या टप्प्यात आहे, असे डॉक्टरांनी सांगितले आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठीचे कोरडे खाद्य लिहून दिले. पूर्वी ४.३ किलो असलेले वजन आता ३.४ किलो आहे. थायरॉइडची तपासणी झालेली नाही.

अडचण अशी, की ते खाद्य ती तोंडात घेत नाही. बशीजवळ येते, हुंगते, दोनतीनदा ओठ चाटते आणि विष्ठा पुरावी तशी फरशी उकरून निघून जाते. जन्मापासून तिचे जेवण म्हणजे उकडलेले पेडवे किंवा तारले भातात कालवून, आणि दुपारी मूठभर गोलमा, म्हणजे बारीक सुकी कोळंबी. सध्या मासेमारीची बंदी चालू असल्यामुळे ताजी मासळी क्वचितच मिळते आणि घरात सुकी मासळीच अधिक आहे. गोलम्याचा डबा उघडल्याचा आवाज आला, की ही पायरी उतरून धावत येते; त्यामुळे तिला भूकच नाही असे म्हणवत नाही.

सासूबाईंच्या मते म्हातारपणी मऊ दूधभातच बरा. शेजारी सांगतात, की दोन दिवस दुसरे काहीच देऊ नका, भूक लागली की मुकाट्याने तेच खाईल. डॉक्टरांकडे जाणे-येणे पावसात दर आठवड्याला जमण्यासारखे नाही. पथ्याच्या खाद्याची सवय कशी लावावी, मासे कोणत्याही रूपात चालू ठेवता येतील का, आणि उपाशी ठेवण्याचा सल्ला कितपत योग्य आहे, हे जाणकारांनी सांगावे.

निवृत्त_पशुवैद्य_रत्नागिरी

वहिनी, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते थांबू शकत नाही. मांजराला उपाशी ठेवून वळण लावण्याचा प्रयोग कृपया करू नका. कुत्रा दोन दिवस जेवला नाही तर तो बहुधा निभावून नेतो. मांजराच्या शरीराची घडण तशी नाही. अन्न बंद झाले, की अंगावरची चरबी मोठ्या प्रमाणात यकृताकडे धाव घेते, यकृताला ती पेलवत नाही आणि काही दिवसांतच कावीळ दिसू लागते. लठ्ठ मांजरांत हा धोका सर्वाधिक असला, तरी वजन उतरत चाललेल्या आजारी मांजरालाही उपवास परवडत नाही. ठकीने सलग २४ तास काहीच खाल्ले नाही तर डॉक्टरांना फोन करावा आणि दुसरा दिवसही तसाच गेला तर पाऊस असो वा नसो, तिला घेऊन निघावे.

आता मूळ अडचणीकडे येतो. तुम्ही जे वर्णन केले आहे, म्हणजे बशीपर्यंत येणे, हुंगणे, ओठ चाटणे आणि फरशी उकरून परत फिरणे, ते खोडीचे किंवा लाडावल्याचे लक्षण म्हणून सोडून देऊ नये. मूत्रपिंडे रक्त नीट गाळत नसली, की शरीरातील टाकाऊ द्रव्ये साठून मळमळते. अशा मांजराला भूक असते, पण वास नाकात शिरताच उबळ येते. गोलम्याचा उग्र, खारट वास तेवढ्यापुरता या मळमळीवर मात करतो, पथ्याच्या खाद्याचा सौम्य वास ते करू शकत नाही. म्हणून खाद्याचा ब्रँड बदलण्याआधी मळमळ थांबवणारे औषध सुरू करण्याविषयी डॉक्टरांना विचारा. मॅरोपिटंट हे यासाठी वापरात आहे. मिर्टाझापिन नावाची माणसांसाठीची नैराश्यावरील गोळी मांजराची भूक वाढवण्यासाठी अतिशय लहान मात्रेत दिली जाते. मूत्रपिंड आजारी असताना ती एरवीपेक्षाही जपून द्यावी लागते, त्यामुळे मात्रा येथे लिहीत नाही.

तिचे तोंडही कोणी उघडून पाहिले आहे का? या वयात हिरड्या सुजणे, दात मुळाशी झिजून आतली नस उघडी पडणे हे इतके सामान्य आहे, की कोरडे खाद्य नाकारणाऱ्या म्हाताऱ्या मांजराच्या बाबतीत मी पहिला संशय दातांवर घेतो. डोके एका बाजूला कलते करून चावणे, तोंडातला घास खाली पडणे, तोंडाला दुर्गंधी येणे यांपैकी काही दिसते का, ते पाहावे. थायरॉइडची तपासणीही करून घ्या. त्या ग्रंथीचे काम वाढले, की मूत्रपिंडांतून रक्ताचा प्रवाह वाढतो आणि क्रिएटिनिन प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते; शिवाय वजन उतरण्याचे ते स्वतंत्र कारण असते. रक्तदाब मोजणे आणि रक्तातील पोटॅशियम पाहणे याच भेटीत उरकता येईल. पोटॅशियम कमी झाले, तर मांजर गळून जाते, मान खाली टाकते आणि भूकही मंदावते. अंगात पाणी कमी पडून बद्धकोष्ठता झाली असेल, तरीही ती जेवणार नाही, तेव्हा ट्रेमध्ये शौच रोज होते का, यावर लक्ष ठेवा.

एक सूचना न विचारता देतो. तिला कणकण वाटते म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी, अर्धी असो की पाव, कधीही देऊ नका. मांजराचे यकृत ती पचवू शकत नाही आणि एका गोळीनेही मांजर दगावते.

हर्णै_बंदर

आमच्या घरात याच आजाराची दोन मांजरे सांभाळली गेली, त्यामुळे डॉक्टरसाहेबांच्या म्हणण्यात खाऊ घालण्याच्या बाजूने थोडी भर घालतो.

पथ्याचे खाद्य कोरड्या दाण्यांतही येते आणि पातळ, पाकिटातल्या स्वरूपातही येते. रॉयल कॅनिनचे रीनल किंवा हिल्सचे के/डी ही नावे तुम्हाला डॉक्टरांकडे ऐकायला मिळाली असतील. ठकीला जन्मभर ओलसर मासेभात मिळालेला आहे, तेव्हा म्हातारपणी एकदम खडखडीत दाणे पुढे ठेवले तर ती ते अन्नच मानणार नाही. पातळ प्रकार मागवून पाहा. मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या पोटात अन्नाबरोबर पाणी जाणे हाही मोठा फायदा आहे, कारण मांजर पाण्याच्या भांड्यापाशी कितीही वेळा गेली, तरी लघवीतून जाणारे पाणी ती पूर्णपणे भरून काढू शकत नाही.

सवय लावताना घाई करू नये. तिच्या नेहमीच्या मासेभातात नव्या खाद्याचा नखाएवढा भाग मिसळावा, तो तीनचार दिवस निमूट खाल्ला गेला तरच किंचित वाढवावा, आणि ज्या दिवशी ती बशी सोडून जाईल त्या दिवशी मागच्या प्रमाणावर परत यावे. यात महिना गेला तरी हरकत नाही. याहून महत्त्वाचे म्हणजे तिला उलट्या होत असताना किंवा सलाइनवर असताना नवे खाद्य पुढे करू नये. त्या त्रासाची सांगड मांजर त्या वासाशी घालते आणि मग बरी झाल्यावरही त्या पदार्थाला शिवत नाही. याच कारणाने गोळ्या चुरडून तिच्या आवडीच्या अन्नात लपवू नका. गोळी वेगळ्या वेळी, लोण्याच्या थेंबाबरोबर थेट द्यावी आणि बशी शंकामुक्त ठेवावी.

मांजर जिभेपेक्षा नाकाने जेवते. गोड चव तिला कळतच नाही, त्यामुळे दूधभातात तिला आवडत असते ती स्निग्धता. म्हाताऱ्या मांजराचे नाकही मंद होते. फ्रीजमधले खाद्य थेट न देता वाटी गरम पाण्यात धरून कोमट करावे. ताज्या शिकारीच्या अंगाची ऊब असते तितपत, म्हणजे साधारण ३८ अंश, ते असावे. मासे उकडल्यावर राहिलेले बिनमिठाचे पाणी चमचाभर वरून घातले, की वासाचे काम होते. बशी उथळ असावी आणि ती पाटावर ठेवावी, कारण संधिवात झालेल्या मांजराला मान जमिनीपर्यंत वाकवून खाणे जड जाते. एका वेळी मोठा चमचाभरच वाढावे आणि दिवसातून पाचसहा वेळा द्यावे. नाकारलेली बशी तासभर तिच्या नाकासमोर ठेवून काही साधत नाही. ती उचलावी आणि थोड्या वेळाने ताजी वाढावी.

देवगडकर

मत थोडे वेगळे आहे, राग नसावा. समुद्रकाठची मांजर, तिला १५ वर्षे पूर्ण झालेली, म्हणजे माणसाच्या हिशेबाने ती पंचाहत्तरीच्या घरात गेली. आमच्या बंदरावर मांजरे पिढ्यान्‌पिढ्या मासळीवर जगली आणि त्यांना कोणी पाकिटे आणून दिली नाहीत. उरलेल्या दिवसांत तिला जे गोड लागते, ते खाऊ द्यावे. तपासण्या, औषधे, घाट उतरून आणलेले महागडे खाद्य, आणि एवढे करून ती उपाशीच राहणार असेल, तर हा सगळा खटाटोप तिच्यासाठी की आपल्या समाधानासाठी, याचाही विचार व्हावा.

निवृत्त_पशुवैद्य_रत्नागिरी

देवगडकर, तुमच्या म्हणण्यातला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे: न खाल्लेल्या पथ्यापेक्षा खाल्लेले कुपथ्य बरे. पथ्याचे खाद्य ती कोणत्याही उपायाने घेत नसेल, तर ती जे खाते ते तिला मिळालेच पाहिजे, याविषयी कोणत्याही डॉक्टराचे दुमत नसेल. आजार शेवटच्या टप्प्यात असता, तर मी येथेच थांबलो असतो. मात्र ३.४ क्रिएटिनिन हा शेवटचा टप्पा नव्हे. तिसरा टप्पा २.९ पासून ५ पर्यंत धरतात आणि त्यात नीट सांभाळलेली मांजरे एकदोन वर्षे, काही त्याहून अधिकही काढतात. फॉस्फरस कमी असलेल्या आहाराने ती अधिक काळ जगतात आणि अकस्मात खालावण्याचे प्रसंग कमी येतात, हे या आजाराच्या बाबतीत चांगले सिद्ध झालेले आहे. बंदरावरची मांजरे मासळीवर जगली हे खरे, परंतु त्यांच्यातली १५ वर्षांची किती पाहिली, हेही आठवावे.

आता मासळीविषयी तपशिलात लिहितो, कारण वहिनींच्या घरी ती बंद होणार नाही आणि व्हावी असा माझा आग्रहही नाही.

गोलमा, सुकट, खारे बांगडे हे मात्र थांबवावे लागतील. खारवलेल्या मासळीतले मीठ रक्तदाब वाढलेल्या मांजराला घातक आहे, आणि मूत्रपिंडाच्या आजारात रक्तदाब वाढणे नित्याचे आहे. तो फार चढला तर नेत्रपटल सुटून मांजर एका रात्रीत आंधळी होते. सुका जवळा किंवा गोलमा सालासकट, डोक्यासकट खाल्ला जातो, त्यामुळे त्यातून फॉस्फरसही भरपूर जातो. वासाचे आमिष म्हणून गोलमा हवाच असेल, तर तो पाण्यात भिजवून, पिळून, दोनतीन दाणे कुस्करून अन्नावर भुरभुरावा, मूठभर देऊ नये.

ताज्या पेडव्या-तारल्यांचे डोके, काटे आणि आतडी काढून फक्त मांस द्यावे. फॉस्फरस मुख्यत्वे हाडांत असतो, म्हणून तारला काट्यासकट कुस्करण्याची आपली पद्धत येथे उपयोगाची नाही. कच्चे देऊ नये. तारल्यांच्या वर्गातील काही माशांत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते आणि ते शिजवल्याने निकामी होते. बांगडा बर्फाशिवाय पडून राहिलेला असेल तर त्यात हिस्टामिन तयार होते आणि ते शिजवूनही जात नाही, तेव्हा शिळा बांगडा ‘मांजराला चालेल’ म्हणून बाजूला ठेवण्याची सवय सोडावी. केवळ तेलकट माशांवर ठेवलेल्या मांजराला ई जीवनसत्त्वाची कमतरता होऊन कातडीखालची चरबी सुजते आणि हात लावला तरी दुखते, हेही लक्षात असू द्यावे.

हर्णैकरांनी उकडलेल्या पाण्याविषयी लिहिले आहे, तेथे थोडी दुरुस्ती करतो. मांस भरपूर पाण्यात उकडून पाणी टाकून दिले, की त्यातला फॉस्फरस काही अंशी कमी होतो. तो गेलेला असतो त्याच पाण्यात. तेच पाणी वाटीभर पाजले, तर एका हाताने काढून दुसऱ्या हाताने घातल्यासारखे होईल. वासापुरता चमचा चालेल, त्याहून अधिक नको. अर्थात पाण्याबरोबर टॉरिन नावाचे पोषक द्रव्यही निघून जाते आणि मांजराच्या हृदयाला व डोळ्यांना ते अन्नातूनच मिळावे लागते. म्हणूनच घरचे शिजवलेले अन्न पूर्ण आहार म्हणून महिनोन्‌महिने देऊ नये. ते तयार पथ्याच्या खाद्याला सोबत म्हणून, किंवा डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या पूरक द्रव्यांसह द्यावे.

सोबतीला देण्याजोगा उत्तम पदार्थ तुमच्या घरातच आहे: उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग. त्यात उत्तम प्रथिन असते आणि फॉस्फरस अत्यल्प. पिवळा बलक मात्र तिच्यासाठी नाही. मऊ पांढरा भात थोडा चालेल. पाव चमचा साजूक तुपाने उष्मांक वाढतात आणि फॉस्फरस वाढत नाही; शौचाला पातळ होऊ लागले तर ते थांबवावे. दुधाने अनेक मोठ्या मांजरांना जुलाब होतात, शिवाय त्यात फॉस्फरस असतो, त्यामुळे सासूबाईंची क्षमा मागून दूधभात बाजूला ठेवा. माशाच्या सारातला किंवा तिखल्यातला तुकडा धुऊनही देऊ नये. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, आणि आजारी मूत्रपिंडे रक्तनिर्मितीला लागणारे संप्रेरक पुरेसे बनवत नसल्यामुळे ठकीला रक्ताची चणचण तशीही भासणार आहे.

एवढे करूनही फॉस्फरस ५ च्या खाली येत नसेल, तर तो आतड्यातच बांधून ठेवणारे औषध अन्नात मिसळून देता येते. ते अन्नाबरोबरच काम करते, म्हणून गोळी बशीत घालू नये या नियमाला तेवढा अपवाद.

वेंगुर्ल्याची_वहिनी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डॉक्टरांनी सुचवल्याप्रमाणे तिला पुन्हा दाखवले. उजव्या बाजूच्या वरच्या दाढेपाशी हिरडी लालभडक सुजलेली आहे आणि ती दाढ हलते आहे. रक्तदाबही वाढलेला आढळला आणि त्यासाठी अ‍ॅम्लोडिपिन सुरू झाले. थायरॉइड ठीक निघाले. दाढ भूल देऊन काढावी लागेल, परंतु आधी सलाइन देऊन प्रकृती थोडी सावरल्यावर, असे ठरले आहे. मळमळीचे औषध सुरू झाल्यावर तिने पातळ पथ्याचे खाद्य अंड्याच्या पांढऱ्या भागाबरोबर चाटून खाल्ले. अजून अर्धी बशी मासेभाताचीच असते.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कातडीखाली सलाइन घरी देता येईल का, म्हणजे फेऱ्या वाचतील? आणि ती दिवसाला नेमके किती खाते, हे कसे मोजावे? थोडेथोडे खात असल्यामुळे अंदाज येत नाही. घरातल्यांपैकी काहीजण सिरिंजने भरवण्याचे सुचवतात, ते करावे का?

निवृत्त_पशुवैद्य_रत्नागिरी

सलाइन घरी देता येते आणि बरीच कुटुंबे ते उत्तम शिकतात. दोन खांद्यांमधली सैल कातडी तंबूसारखी उचलून सुई घालायची असते. किती द्यायचे आणि किती दिवसांनी, हे तिचे डॉक्टर ठरवतील. हृदयाचा त्रास असलेल्या मांजरात जास्तीचे पाणी छातीत साठते, म्हणून आपल्या मनाने वाढवू नये. पहिल्या दोनतीन वेळा त्यांच्या समोर द्यावे. बाटली शरीराच्या तपमानाइतकी कोमट करून घेतली, तर ती कमी कुरकुर करील.

सिरिंजने भरवण्याला मी अनुकूल नाही. पाणी किंवा औषध देणे वेगळे. पण पोट भरण्यासाठी मांजराला धरून अन्न कोंबले, तर श्वासनलिकेत जाण्याची भीती असते आणि राहिलेली गोडीही संपते. दाढ काढल्यानंतर ती बरेच दिवस खाणार नाही असे वाटले, तर त्याच भुलीत मानेतून अन्ननलिकेत नळी बसवण्याविषयी विचारा. ऐकायला भयंकर वाटते, परंतु मांजरे ती आश्चर्यकारकरीत्या सहज स्वीकारतात, आणि अन्न, पाणी व औषधे तिच्यातून विनासायास जातात.

मोजमापाचे म्हणाल, तर तिला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ५० उष्मांक धरावेत, म्हणजे १७० च्या आसपास. पाकिटावर उष्मांक छापलेले असतात किंवा विक्रेत्याकडून मिळतात. सकाळी दिवसभराचे अन्न वजन करून एका डब्यात काढावे, बशा त्यातूनच वाढाव्यात आणि रात्री उरलेले मोजावे. त्याहून विश्वसनीय म्हणजे आठवड्यातून एकदा, एकाच वारी, तिचे वजन. लहान मुलांचा काटा किंवा पिशवीत ठेवून लटकवण्याचा काटाही चालतो. वजन टिकून असेल, तर एखाद्या जेवणाला तोंड फिरवल्याची चिंता करू नये.

केळशीची_लेक

वहिनी, पावसाळ्यापुरत्या दोन व्यावहारिक गोष्टी. पाकीट एकदा फोडले, की ते फ्रीजमध्येही दोनतीन दिवसांपलीकडे ठेवू नये, आणि आपल्याकडे लाइट गेली की फ्रीजचा भरवसा संपतो. म्हणून मोठे डबे न मागवता लहान पाकिटेच मागवावीत. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भागही एका दिवसापुरताच करावा. दमट हवेत वाढलेले ओले अन्न तासाभराहून अधिक बाहेर राहू देऊ नये. मुंग्यांसाठी बशी पाण्याच्या परातीत ठेवण्याची आपली जुनी युक्ती येथेही चालते, मात्र परात पाटापेक्षा रुंद नसावी, नाहीतर ठकी पाय ओले होतील म्हणून पुढे येणार नाही.

खाद्य संपत आल्यावर मागवू नका. घाटात दरड कोसळली, की कोल्हापूरकडून येणारे पार्सल अडकते, म्हणून तीन आठवड्यांचा साठा हाताशी असावा. मात्र एकाच चवीची मोठी पेटी घेण्याआधी विक्रेत्याकडून वेगवेगळ्या चवींचे एकेक पाकीट मागून पाहा. आज चाटूनपुसून खाल्लेली चव पुढच्या पंधरवड्यात नाकारण्याचा हक्क मांजरे राखून ठेवतात. आणि गणपतीत घर पाहुण्यांनी भरेल, तेव्हा मुलांना आधीच सांगून ठेवा, की ठकीला पानातले काहीही घालायचे नाही.

वेंगुर्ल्याची_वहिनी

तीन चवींची पाकिटे मागवली आहेत. गोलम्याचा डबा माळ्यावर गेला आहे. दाढ काढायची तारीख पुढच्या सोमवारची मिळाली असून नळीविषयी डॉक्टरांशी बोलले आहे. भुलीखाली असताना गरज वाटली तरच बसवू, असे ते म्हणाले. तोवर दर रविवारी वजन करण्याचे ठरवले आहे आणि या रविवारी ते ३.४५ भरले.

हर्णै_बंदर

उत्तम. दाढ काढल्यावर पहिले काही दिवस खाद्य मिक्सरमधून अगदी गुळगुळीत करून, कोमट द्या, आणि जखम भरेपर्यंत चव बदलू नका.